थंड हवेतले रताळे आणि उबेचा हिशेब

पहिल्या वर्षी मी कोंब फुटलेले अख्खे रताळे बटाट्याप्रमाणे मातीत पुरले. बटाटा तसा लावतात, मग रताळे का नाही, इतकाच त्यामागचा विचार होता. चार महिन्यांनी थंडी पडू लागल्यावर वाफा उकरला, तेव्हा वर वाफ्याबाहेर पसरलेला हिरवागार वेल होता आणि खाली तेच जुने रताळे होते. ते दुप्पट फुगलेले, वेडेवाकडे आणि दोरखंडासारखे चिवट झाले होते. त्याच्या भोवती पेन्सिलीएवढ्या जाडीची दहा-बारा मुळे निघाली. नवे म्हणता येईल असे एकही रताळे नव्हते. पाल्याचा तो पसारा पाहून तोपर्यंत मी स्वतःवरच खूश होते, हे विशेष.

या फजितीचे मूळ एका साध्या गोष्टीच्या अज्ञानात होते. बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड आहे आणि त्याच्यावरचे डोळे म्हणजे त्या खोडाचे कोंब आहेत. रताळे मात्र खरोखरच मूळ आहे. दोघांचे कुळही वेगळे. बटाटा वांगी-टोमॅटोच्या गोतावळ्यातला, तर रताळे, शास्त्रीय नावाने आयपोमिया बटाटास, हे गणेशवेल आणि बेशरम यांच्या कुळातले; त्याची क्वचित उमलणारी फिकट जांभळी फुले पाहिली की हे नाते लगेच पटते. रताळे मूळ असल्यामुळे त्याच्यावर तयार डोळे नसतात. पुरेशी ऊब मिळाली की सालीखालच्या भागातून ते नव्याने डोळे घडवते, त्यांतून कोंब येतात, आणि लागवड करायची ती या कोंबांची. रताळे स्वतः केवळ रोपांची आई असते. तिला वाफ्यात पुरले, तर ती आपलाच साठा सांभाळत बसते.

त्यानंतरच्या वर्षांत मला जे कळत गेले, ते सगळे शेवटी एकाच हिशेबावर येऊन थांबते. थंड हवेच्या ठिकाणी रताळ्याला दिवस कमी पडतात असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात कमी पडते ती ऊब. लवकर येणाऱ्या वाणांना रोपे लावल्यापासून साधारण ९० ते १२० दिवस पुरतात, आणि तेवढे दिवस बऱ्याच थंड प्रदेशांतही दोन गोठवणाऱ्या ऋतूंच्या मध्ये मिळतात. पण रताळ्याचा वेल सर्वांत जोमाने वाढतो तो २४ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. १५ अंशांच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि १० अंशांच्या खाली तर त्याला इजाच होते. म्हणजे दिनदर्शिकेवरचे १२० दिवस वेलाच्या हिशेबात ७० किंवा ८० सुद्धा भरत नाहीत. ही तूट घरात, चार भिंतींच्या आत भरून काढावी लागते, आणि तीही दोनदा: एकदा लागवडीच्या आधी, एकदा काढणीनंतर.

आधी रोपांचे पाहू. लागवडीचा दिवस धरून उलटे मोजायला लागावे. शेवटचे दव गोठून गेल्यावर आणखी तीन-चार आठवड्यांनी माती ऊबदार होते. त्या दिवसाच्या आठ ते दहा आठवडे आधी रताळी उगवायला ठेवावी लागतात. पहिल्या दोन वर्षांत मी हे फार उशिरा केले, कारण बाहेर बर्फाळ वारा सुटलेला असताना रताळ्याचा विचार करणे मनाला पटतच नव्हते.

कंद निवडताना मी आता मोठ्या कंदाच्या मागे लागत नाही. मुठीएवढे, घट्ट सालीचे, कुठेही मऊ न पडलेले आणि शक्यतो आधीच एखादा जांभळट ठिपका डोकावू लागलेले रताळे उत्तम. फ्रिजमध्ये किंवा थंड गोदामात राहिलेला कंद वरून धडधाकट दिसतो, पण थंडीची इजा झालेली असल्यास उबेत ठेवताच आठवड्याभरात तो आतून कुजू लागतो. तसा वास आला की मन घट्ट करून तो बाहेर टाकावा, नाहीतर शेजारचेही जातात.

ग्लासात पाणी भरून काड्यांच्या आधाराने रताळे अर्धे बुडवून ठेवण्याची रीत सर्वांना माहीत असते. तीही मी केली. त्यात पहिला घोळ दिशेचा होतो. रताळ्याला डोके आणि शेपूट असते: ज्या टोकाने ते वेलाला जोडलेले होते तिथे देठाचा जाडसर खुंट उरलेला असतो आणि कोंब मुख्यतः त्याच बाजूला येतात, दुसरे टोक निमुळते होत जाऊन बारीक मुळात संपते. माझे एक रताळे मी पाच आठवडे डोके पाण्यात बुडवून, म्हणजे शीर्षासनात, उभे करून ठेवले होते. दुसरी अडचण पाण्याच्या गारव्याची. खिडकीतले पाणी रात्री खोलीइतकेच गार होते, आणि कोंब येण्याला लागणारी २५ ते २९ अंशांची ऊब त्यात टिकत नाही.

एका वर्षी एकाच ढिगातली चार रताळी घेऊन दोन पाण्यात आणि दोन ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ठेवली. कोकोपीटचा ट्रे रोपांसाठी मिळणाऱ्या गरम चटईवर होता आणि त्यात एक तापमापक खोचलेला होता. रताळी आडवी टाकून अर्धीच झाकली होती, त्यामुळे डोके कोणते आणि शेपूट कोणते हा प्रश्नच उरला नाही. ट्रेमधल्या रताळ्यांवर बाराव्या दिवशी ठिपके आले. पाण्यातल्या एकावर अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि दुसरे कुजले. एवढ्या छोट्या प्रयोगावरून नियम सांगू नये हे मान्य, पण त्यानंतर ग्लास पुन्हा काढला नाही.

या ठिपक्यांचे दिवस मला सगळ्या हंगामातले सर्वांत आवडते. आधी सालीवर पुळी यावी तसा एक फुगवटा दिसतो, बहुधा गर्द जांभळा. दोन दिवसांत त्याला टोक येते. मग एकाच्या शेजारी दुसरा, तिसरा असे सात-आठ कोंब एकमेकांना ढकलत वर येतात आणि त्यांची पहिली पाने इतकी चुरगळलेली असतात की काही रोग पडला की काय असे वाटावे. आठवड्याभरात ती उलगडतात आणि बदामाच्या किंवा बोटे पसरलेल्या हाताच्या आकाराची होतात. आकार वाणावर ठरतो. कोंब दिसू लागताच प्रकाशाची गरज सुरू होते, कारण अंधुक जागी ते फिकट, लांबुडके आणि दुबळे होतात. खिडकीतला प्रकाश अपुरा असेल, तर दिवसाला चौदा तास एखादा साधा रोपांचा दिवा लावणे पुरते. कोकोपीट ओले असावे, चिखल नसावा. मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये.

कोंब वीतभर झाले, त्यांना पाच-सहा पाने आली, की ते काढायला तयार असतात. हाताने पिळून ओढून काढण्याची पद्धत आहे आणि तशी निघालेली रोपे मुळांसकट येतात, हे खरे. पण मी कात्रीने कोकोपीटच्या वर दोन-तीन सेंटीमीटर ठेवून कापते. असे कापल्याने आईच्या सालीवरचा रोग रोपाबरोबर वाफ्यात जाण्याची शक्यता कमी होते, आणि खाली उरलेल्या खुंटातून पुन्हा कोंब येतात. कापल्या जागी दुधासारखा पांढरा चीक येतो आणि बोटांना लागून वाळला की काळा डाग पडतो. तो साबणाने लवकर निघत नाही. माझ्या एका मुठीएवढ्या रताळ्याने पहिल्या खेपेला चौदा आणि पुढच्या तीन आठवड्यांत आणखी नऊ रोपे दिली. घरच्यापुरत्या वाफ्याला दोन रताळी पुष्कळ होतात. मी एका वर्षी सहा ठेवली होती, आणि उरलेली रोपे शेजाऱ्यांच्या गळ्यात मारता मारता ओळखीचे लोक मला टाळू लागले होते.

कापलेले रोप पाण्यात ठेवले की तीन-चार दिवसांत पेरांमधून पांढरी मुळे फुटतात. ती एक-दोन सेंटीमीटर झाली की लगेच छोट्या कुंडीत किंवा थेट जागेवर लावावे. पाण्यात हातभर मुळांचा गुंता होईपर्यंत वाट पाहण्यात काही मिळत नाही, उलट तोटाच होतो. पेरातून निघालेली ही पहिली मुळेच पुढे फुगून रताळी होणार असतात, आणि ती वळून, गुंडाळून मातीत कोंबली तर रताळीही तशीच पिळवटलेली निघतात. माझ्या तिसऱ्या वर्षीच्या पिकात एका रताळ्याने चक्क गाठ मारली होती.

आता बाहेर जायचे. इथे थंड प्रदेशातल्या माणसाचा धीर सुटतो आणि तोच सगळ्यांत महागात पडतो. दुपारी उन्हात उभे राहून आपल्याला गरम वाटते म्हणून माती गरम झालेली नसते. मी सकाळी सात वाजता, दहा सेंटीमीटर खोलीवर मातीचे तापमान पाहते, कारण दिवसातला तो सर्वांत गार वेळांपैकी एक असतो. सलग चार-पाच दिवस तो आकडा १६ ते १८ अंश आला की मग लागवड. एका वर्षी मी १३ अंशांवरच लावली. रोपे मेली नाहीत, पण पाने जांभळट-पिवळी पडली आणि तीन आठवडे ती जशीच्या तशी उभी राहिली. दोन आठवडे उशिरा लावलेल्या उरलेल्या रोपांनी त्यांना महिन्याभरात मागे टाकले.

माती तापवायला मी काळे प्लॅस्टिक वापरते. लागवडीच्या तीन आठवडे आधी वरंबे करून ते ताणून अंथरायचे आणि कडा मातीने दाबायच्या. प्लॅस्टिक मातीला चिकटलेले असणे महत्त्वाचे आहे. मध्ये हवा राहिली तर काळा रंग स्वतःच तापतो आणि ऊब खाली उतरत नाही. पारदर्शक प्लॅस्टिक माती अधिक तापवते, पण त्याच्याखाली तणही तितक्याच आनंदाने वाढते. उघड्या वाफ्यात सकाळी १३ अंश असताना माझ्या काळ्या आच्छादनाखाली १७ अंश होते. चार अंश ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण रताळ्यासाठी थांबलेली वाढ आणि सुरू झालेली वाढ यांच्यातले हे अंतर आहे. वरंबा वीतभर तरी उंच असावा. तो उन्हात चहूबाजूंनी तापतो, पाणी धरून ठेवत नाही आणि सैल मातीत मुळांना फुगायला जागा मिळते.

हा विचार नवा नाही. माओरी लोकांचे पूर्वज उष्ण पॉलिनेशियन बेटांवरून रताळे, त्यांच्या भाषेतले कुमारा, घेऊन न्यूझीलंडला आले, तेव्हा त्यांच्यासमोर नेमकी हीच अडचण होती: उष्ण कटिबंधातले पीक आणि समशीतोष्ण हवा. त्यांनी ऊन येणारे उतार निवडले, वाळू आणि बारीक खडी आणून मातीत मिसळली, म्हणजे ती मोकळी राहील आणि लवकर तापेल, आणि हिवाळ्यासाठी कुमारा जमिनीतल्या खास खड्ड्यांत साठवले. त्या खड्ड्यांचे अवशेष आजही तिथे ओळखता येतात. उष्ण बेटांवर हे पीक जमिनीत राहू शकते, हवे तेव्हा उकरता येते. थंड देशात आल्यावर त्याला ठरावीक ऋतूत लावण्याचे, एकदम काढण्याचे आणि साठवण्याचे पीक बनवावे लागले. तापमापक आणि प्लॅस्टिक हाताशी असताना मी तीन वर्षे चाचपडत होते, हे आठवले की थोडी लाज वाटते.

वाणाबद्दल फार लिहीत नाही, कारण जे मिळेल ते लावण्याखेरीज अनेकांना पर्याय नसतो. निवड करता येत असेल, तर लवकर येणारे केशरी गराचे वाण घ्यावेत. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने १९८७ साली आणलेला बोरगार्ड हा त्यांतला सर्वांत भरवशाचा, साधारण शंभर दिवसांचा. जॉर्जिया जेट त्याहूनही घाईचा, पण त्याची रताळी फार तडकतात. जांभळ्या गराचे आणि कोरड्या पांढऱ्या गराचे बरेच वाण देखणे असले, तरी बहुधा जास्त दिवस मागतात. माझ्याकडे ते बोटभरच्या पुढे गेले नाहीत.

लावण्याआधी आठवडाभर रोपांना बाहेरच्या हवेची सवय करावी लागते: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग हळूहळू ऊन आणि वारा. लावताना प्लॅस्टिकला छोटी फुलीसारखी चीर देऊन रोप तिरपे खोचते, दोन-तीन पेरे मातीखाली आणि शेंड्याची पाने वर. रोप जितके आडवे आणि जितकी पेरे जमिनीखाली, तितकी रताळ्यांची संख्या वाढण्याकडे आणि आकार लहान राहण्याकडे कल असतो. उभे लावले तर थोडी पण मोठी मिळतात. थंड हवेत मी तिरप्याचा मध्यम मार्ग पत्करला आहे. दोन रोपांत ३० ते ४० सेंटीमीटर अंतर पुरते. पहिल्या आठवड्यात पाने माना टाकतात, काही गळूनही पडतात, आणि नवशिक्याला वाटते की संपले सगळे. बहुतेक रोपे पेरातून नवे पान काढून सावरतात. तेवढे दिवस रात्री पातळ कापडाचे आच्छादन वर टाकले तर दोन-तीन अंशांचा आधार मिळतो.

जमीन नसेल तर कुंडी किंवा ग्रो बॅगही चालते, मात्र ती ३० सेंटीमीटरहून खोल आणि ३०-४० लिटरची असावी. गडद रंगाची पिशवी उन्हात लवकर तापते ही तिची जमेची बाजू. रात्री ती तितक्याच लवकर निवते आणि रोज पाणी मागते, ही उणी. मी ती दक्षिण दिशेच्या भिंतीला टेकवून ठेवते, कारण आमच्याकडे ऊन तिकडून येते आणि भिंत दिवसाची ऊब संध्याकाळपर्यंत धरून ठेवते.

यानंतरचे तीन-चार आठवडे निर्णायक असतात, जरी वर पाहण्यासारखे काहीच घडत नसले तरी. पेरांतून निघालेल्या कोवळ्या मुळांपैकी कोणती फुगणार आणि कोणती पेन्सिलीसारखी राहणार, हे बऱ्याच अंशी याच काळात ठरते. माती कोरडी पडली, किंवा उलट पाण्याने गच्च भरून तिच्यातली हवा गेली, तर मुळे आतून लाकडासारखी कठीण होतात आणि मग नंतर कितीही चांगले दिवस आले तरी ती फुगत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षीच्या त्या दहा-बारा पेन्सिली अशाच जड, चिकट, गार मातीत घडल्या असाव्यात. दुसरी चूक खताची. मी प्रेमाने भरपूर शेणखत घातले होते आणि नत्राच्या त्या मेजवानीने वेलाने नुसता पाला काढला. रताळ्याला मध्यम कसाची, हलकी जमीन मानवते. पालाशसाठी थोडी लाकडाची राख चालते, पण जमीन आधीच अल्कधर्मी असेल तर तीही नको.

उन्हाळा रंगात आला की वेल वाफा सोडून वाटेवर येतो आणि जिथे टेकेल तिथे पेरांतून मुळे सोडतो. ती मुळे तुटावीत म्हणून वेल वरचेवर उचलून फिरवावेत असे पुष्कळ जण सांगतात. मी एक वर्ष निष्ठेने केले आणि एक वर्ष अजिबात केले नाही. पिकात डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही, कमरेत मात्र पडला. शिवाय उलटलेला वेल पाने पुन्हा उन्हाकडे वळवण्यात काही दिवस घालवतो, आणि थंड हवेत तेवढे दिवस फुकट देण्याइतके आपण श्रीमंत नसतो. आता वाटेवर आलेला वेल फक्त वाफ्यावर परत टाकते. गोगलगायींनी कोवळी पाने खाल्ली तर संध्याकाळी वेचते.

काढणीच्या वेळी पुन्हा तापमापकच खरा सल्लागार. रताळ्याला पिकण्याची अशी ठरलेली खूण नसते. ऊब आहे तोवर ते फुगत राहते. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याचा मोह होतो, आणि शेवटच्या काही आठवड्यांत वजन खरोखरच वाढते. पण मातीचे तापमान १२-१३ अंशांवर उतरले की थांबण्यात फायदा नाही. गार, ओल्या मातीत पडून राहिलेल्या रताळ्याला आतून इजा होते आणि ती इजा साठवणीत महिन्याभराने काळ्या, मऊ डागांच्या रूपात वर येते. एका रात्री अनपेक्षित दव गोठले आणि सकाळी माझा सगळा वेल शिजवलेल्या पालेभाजीसारखा काळपट लोळलेला होता. अशा वेळी त्याच दिवशी वेल जमिनीलगत कापून रताळी काढून घ्यावीत, कारण कुजणारा वेल ती कूज खाली पोहोचवतो. पाणी मात्र काढणीच्या दोन-तीन आठवडे आधीपासूनच कमी केलेले बरे; कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की साल तडकते.

खोदताना मी दातेरी फावडे बुंध्यापासून हातभर दूर लावते आणि माती फक्त सैल करते. पुढचे काम हातांचे. बुंध्याशी बोटे घालून माती खरवडत गेले की आधी एक खांदा लागतो, मग त्याच्या बाजूला दुसरा. सगळी रताळी त्या एकाच बुंध्यातून केळ्यांच्या फण्याप्रमाणे खाली उतरलेली असतात आणि एखादे भलतीकडेच, वाटेखाली शिरलेले असते. ताज्या रताळ्याची साल ओल्या कागदाइतकी नाजूक असते. अंगठ्याचा नुसता दाब पडला तरी ती सरकते आणि खाली चीक दिसतो. म्हणून ती टोपलीत फेकायची नाहीत, धुवायची नाहीत, घासायची तर मुळीच नाहीत. मागच्या हंगामात सर्वांत चांगल्या रोपाला पाच रताळी लागली, मिळून दीड किलोला थोडी कमी. सर्वांत वाईटाला दोन, अंगठ्याएवढी. सरासरी बाराशे ग्रॅमच्या वर मी अजून गेलेले नाही.

आणि आता हिशेबाची दुसरी बाजू, जी अनेकांना माहीतच नसते. काढलेले रताळे लगेच शिजवून पाहिले तर ते पिठूळ आणि बेचव लागते, आणि मग लोक म्हणतात की थंड हवेतल्या रताळ्याला गोडी नसते. गोडी यायची असते. काढल्या काढल्या रताळ्यांना चार ते सात दिवस ३० अंशांच्या आसपास ऊब आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता मिळाली की खरचटलेल्या जागी नवी, बुचासारखी साल तयार होते आणि आत पिष्टाची साखर होण्याला सुरुवात होते. पुढे साठवणीतही ते काम सावकाश चालू राहते. शिजवतानाची गोडी याहून वेगळ्या वाटेने येते: साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात रताळ्यातले विकर (एन्झाइम) पिष्टापासून माल्टोज नावाची साखर बनवते, म्हणून मंद आचेवर सावकाश शिजलेले रताळे झटपट शिजवलेल्यापेक्षा गोड लागते.

उष्ण प्रदेशात ही ऊब अंगणात फुकट मिळते. आमच्याकडे तोपर्यंत खोल्यांत शेगडी सुरू झालेली असते. मी रोपांसाठीचीच गरम चटई पुन्हा काढते, तिच्यावर प्लॅस्टिकचा मोठा खोका ठेवते, तळाशी एका वाटीत पाणी, त्यावर जाळी आणि जाळीवर एकमेकांना न टेकणारी रताळी. वरून झाकण, पण बोटभर फट ठेवून, कारण आत पाण्याचे थेंब साचून टपकू लागले तर बुरशी येते. माझ्या खोक्यात तापमान २६-२७ अंशांच्या वर जात नाही, म्हणून सातऐवजी दहा-बारा दिवस ठेवते. खरचटलेल्या जागेवर अंगठा घासून पाहायचा. साल सरकली नाही आणि जागा कोरडी, खरबरीत लागली, की झाले.

त्यानंतर प्रत्येक रताळे कागदात गुंडाळून १३ ते १५ अंशांच्या अंधाऱ्या जागी. घराच्या उत्तरेकडच्या कपाटात मला हे तापमान सापडले. फ्रिजमध्ये कधीही ठेवू नये. तिथे गर आतून तपकिरी पडतो किंवा कितीही शिजवला तरी मधोमध टणक राहतो. पंधरवड्याने एकदा सगळी उलटसुलट करून पाहते आणि मऊ पडलेले वेगळे काढते. निदान सहा आठवडे तरी हात लावायचा नाही, असा नियम मी केला आहे आणि दरवर्षी चौथ्या आठवड्यात मोडते.

पुढच्या वर्षाची सोय करण्याचा एक आडमार्ग अलीकडे सापडला आहे. काढणीच्या आठवडाभर आधी, वेल अजून निरोगी असताना, शेंड्याचे वीतभराचे चार-पाच तुकडे कापून पाण्यात मुळे फोडते आणि कुंडीत लावून घरातल्या सर्वांत उजेडाच्या खिडकीत ठेवते. हिवाळाभर ते मरगळल्यासारखे जगतात, पण जगतात. आणि दिवस मोठे होऊ लागताच त्यांच्यावर नवे शेंडे येतात, तेच कापून रोपे करायची. असे केले की कंद उगवायला ठेवण्याचे ते आठवडे वाचतात. त्याची किंमत म्हणजे मावा आणि लाल कोळी या किडी: घरातल्या कोरड्या, उबदार हवेत ते कुठून येतात कळत नाही, पण पानांच्या खालच्या बाजूला येतातच. मी दर रविवारी कुंड्या मोरीत नेऊन पाने उलटी करून पाण्याच्या धारेखाली धुते. यंदा पाचपैकी तीन तुकडे टिकले आहेत, आणि कपाटातल्या दोन रताळ्यांनाही तोवर ठेवून दिले आहे, कारण खिडकीवर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.